विकास योजनेवरील हरकतीच्या सुनावणीला कोणी जावे, काय न्यावे?

प्रश्न : आमच्या नगरपरिषदेच्या प्रारूप विकास योजनेत (शहरातील जमिनींच्या वापराच्या कच्च्या आराखड्यात) वस्तीलगतचे क्रीडांगणाचे जुने आरक्षण वगळून तो भूखंड रहिवास विभागात दाखवला आहे. त्रेचाळीस रहिवाशांच्या सह्यांची एकच हरकत आम्ही मुदतीत दिली असून, सुनावणीचे पत्र केवळ पहिल्या सहीदाराच्या नावे आले आहे. सर्वांनी जावे का, वकील हवा का आणि सुनावणी घेणाऱ्या समितीचा निर्णय अंतिम असतो का, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

उत्तर १ : समिती निर्णय देतच नाही, ती अहवाल देते. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २६ खाली मुदतीत लेखी हरकत देणाऱ्यांना कलम २८ नुसार नियोजन समितीपुढे म्हणणे मांडण्याची संधी मिळते, त्यामुळे तुमची पोच हाच तुमचा आधार आहे. समितीच्या अहवालावर विचार करून नियोजन प्राधिकरण, म्हणजे इथे तुमची नगरपरिषद, योजनेत बदल करते आणि ती मंजुरीसाठी शासनाकडे पाठवते. लोकनियुक्त सदस्य व तज्ज्ञ अशी मिश्र रचना असल्याने समितीतच मतभेद होतात. पुणे महापालिकेच्या जुन्या हद्दीच्या विकास योजनेवेळी ते उघडपणे दिसले होते.

उत्तर २ : मी एका नगरपरिषदेत अशा सुनावणीला गेलो होतो. एकाच तासासाठी वीसेक जणांना बोलावले होते आणि मी चार पानी अर्ज वाचू लागताच, तो आमच्याकडे आहे, नवीन काही असेल तर सांगा, असे मला ऐकवण्यात आले. म्हणून एकच पान न्या : सर्व्हे क्रमांक, पूर्वीच्या मंजूर योजनेचा भाग नकाशा (त्या नकाशातील तुमच्या भूखंडाचा भाग), परिसरात दुसरे मैदान किती अंतरावर आहे आणि नेमकी मागणी, म्हणजे ‘आरक्षण पूर्ववत ठेवावे’. त्याची प्रत देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. तोंडी बोललेले टिपणात कसे उतरेल याचा भरवसा नसतो.

उत्तर ३ : वकिलाची सक्ती नाही. दोघातिघांना बोलण्याचा अधिकार देणारे सर्वांच्या सह्यांचे पत्र मात्र सोबत ठेवा. शिवाय सुनावणीनंतर फाइल मिटवू नका, कारण कलम ३१ खाली शासनाने सारभूत स्वरूपाचे, म्हणजे मोठे, बदल सुचवले तर त्यांवर पुन्हा हरकती मागवल्या जातात आणि तेव्हाची सूचना अनेकांच्या नजरेतून निसटते.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. अधिकारपत्रावर आज सह्या घेतो. जुन्या भाग नकाशाच्या प्रमाणित प्रतीसाठी उद्याच अर्ज करतो.