आयर्नची गोळी कधी घेता? मदत हवी आहे

मैत्रिणींनो, पाचवा महिना चालू आहे आणि हिमोग्लोबिन 9.8 आलंय. डॉक्टरांनी आयर्न आणि कॅल्शियम दोन्ही दिलंय, पण एकत्र घ्यायचं नाही, आणि चहा-दुधासोबत आयर्न तर अजिबात नाही. रिकाम्या पोटी घेतली की अर्ध्या तासात मळमळ! काल ऑफिसच्या जिन्यातच तोंडाला रुमाल लावून बसले होते. सध्या लिंबूपाण्यासोबत घेते, क जीवनसत्त्वाने लोह चांगलं शोषलं जातं म्हणून. बद्धकोष्ठतेचं तर विचारूच नका. जेवणानंतर किंवा रात्री झोपताना घेऊन कुणाला बरं वाटलंय का? पुढच्या तपासणीत डॉक्टरांना विचारणारच आहे, तोवर तुमचे अनुभव सांगा. आणि हो, 'आता दोघांचं खा' म्हणत सासूबाई ताट भरतात, त्यांना काय सांगू?