बागेच्या फाटकावर '१३४५ फ.' लिहिलंय. बाग गावाला दिली कुणी?

माजलगावकर_पोरगा: आमच्या गावच्या बागेच्या फाटकावर दगडी पाटी आहे. वरची ओळ उर्दू, खालची मराठी. दर रंगकामात तिच्यावरही हिरवा ऑइलपेंट फासतात. आता '...यांजकडून कसब्यास' आणि '१३४५ फ.' एवढंच लागतं. आजी म्हणायची, देशमुखांनी दिली. पेठेतले म्हणतात, जहागीरदारांनी. खरं कसं कळणार?

जुनं_दफ्तर: मी भूमी अभिलेखात नोकरी केली, आता निवृत्त आहे. फ. म्हणजे फसली, निजामाच्या राज्यातली महसुली सालगणना. इसवी सनासाठी ५९० मिळवा, १९३५ आलं. निजामाचं महसुली वर्ष ऑक्टोबरात लागायचं, म्हणून १९३५-३६ धरा.

जहागीरदाराची गोष्ट मला पटत नाही. जहागीर म्हणजे गावाचा शेतसारा खायचा हक्क, जमिनीची मालकी नव्हे, अन् ती वाटून टाकायची मुभाही नव्हती. त्याचा खासगी मळा असला तर निराळं. १९४९ ला जहागिरी खालसा झाल्या, अन् त्यानंतर जुनं मोठं घर दिसलं की लोकांनी सगळ्या दानधर्माचं खापर, म्हणजे श्रेय हो, जहागीरदाराच्याच माथी मारलं.

तहसीलच्या अभिलेख कक्षात १९५४-५५ चं खासरा पत्रक, म्हणजे कुठली जमीन कुणाच्या कब्जात याची नोंद, मागा. मराठवाड्यात जमिनीचं भांडण कुठलंही असो, शेवटी गाडी त्याच कागदावर येते. बागेचा सर्व्हे नंबर काढून कब्जेदाराचा रकाना बघा. 'बलदिया' असलं तर तोवर जागा नगरपालिकेकडं आलेली होती. बाग सिटी सर्व्हेत असेल तर मालमत्ता पत्रकाची नक्कलही घ्या.

आणि बाबा, पाटीला वायरब्रश लावू नको! अंधार पडल्यावर बॅटरी दगडाला चिकटवून आडवी धर. अक्षरांच्या खाचेत सावली पडती, रंगाखालचंही वाचता येतं.

हर्सूल_नाका: काका, प्रत्येक जुनी बाग दानाचीच असते असं नाही ना? आमची छत्रपती संभाजीनगरची (औरंगाबादची) हिमायत बाग बघा, बादशाही काळातली. आज तिथं कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र आहे. दानाचा संबंधच नाही.

जुनं_दफ्तर: बरोबर. पण त्यांच्या पाटीवर 'यांजकडून' आहे. सरकार स्वतःच्या बागेवर असं कशाला लिहील?

माजलगावकर_पोरगा: काका, बॅटरीची युक्ती लागू पडली! 'यांजकडून'च्या आधी '...बाई' आहे, स्पष्ट. त्याच्या आधीचा दगड उडालाय. देशमुख पण नाही अन् जहागीरदार पण नाही की ओ!

जुनं_दफ्तर: देशमुखांना इतक्यात सोडू नको. त्यांच्याच घरची विधवा असू शकती. दुय्यम निबंधकाकडं त्या सालची दस्ताची सूची आहे का विचार. असली तर उर्दूत असणार, वाचणारा जाणता माणूस संगं ने. बाईच्या नावापुढं 'जौजे' अमुक असं नवऱ्याचं नाव सापडंल. अन् वरच्या उर्दू ओळीचाही तसाच फोटो काढून इथं टाक.