हौशी आकाशनिरीक्षकाला नेमक्या किती दुर्बिणी लागतात?

शततारका:
मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात राहतो. माझ्याकडे ७० मिलिमीटर भिंगाची दुर्बीण असून तिच्यातून शनीची कडी, गुरूचे चार चंद्र आणि चंद्रावरची विवरे चांगली दिसतात. मात्र तारकागुच्छ आणि तेजोमेघ यांच्यासाठी ती तोकडी पडते. कापसाचे पैसे आले की ८ इंची डॉबसोनियन (साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण) घ्यावी, असा विचार आहे. ग्रहांसाठी १२७ मिलिमीटरची मॅक्सुटोव्ह (भिंग आणि आरसा दोन्ही असलेली आखूड नळीची दुर्बीण) आणि छायाचित्रणासाठी आणखी एक लहान दुर्बीण वेगळी हवी, असेही सुचवले जाते. एवढ्या दुर्बिणी कशाला, या घरच्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे नीट उत्तर नाही. गावात एलईडी दिवे लागल्यापासून स्लॅबवरून फारसे दिसत नाही, वावर दूर आहे आणि वाहन म्हणजे मोटारसायकल.

धुऱ्यावरचा:
भाऊ, आधी हे पाहावे की कोणते काम हाताशी असलेल्या दुर्बिणीने होतच नाही. ८ इंची आरसा ७० मिलिमीटर भिंगाच्या सुमारे आठपट प्रकाश गोळा करतो. शौरी तारकासमूहातील एम १३ हा गोलाकार गुच्छ तुम्हाला आज धुरकट ठिपक्यासारखा दिसत असेल. ८ इंचीत त्याच्या कडेचे तारे सुटे होऊ लागतात. नरतुरंगातील ओमेगा सेंटॉरी हा गुच्छ आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दक्षिणेला साधारण २२ अंश वर येतो, आणि तो एकदा ८ इंचीतून पाहिला की खर्चाचे फारसे वाईट वाटत नाही.

मॅक्सुटोव्ह मला अनावश्यक वाटते, कारण १२०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या डॉबसोनियनला १० मिलिमीटरची नेत्रिका (डोळ्यापाशी लावायचे भिंग) लावली की १२० पट वर्धन मिळते आणि ग्रहांचे काम भागते. उलट विस्तीर्ण दृश्य डॉबसोनियनच्या आवाक्याबाहेरचे आहे: २५ मिलिमीटरच्या साध्या नेत्रिकेतून जेमतेम एक अंश आकाश दिसते, तर कृत्तिका जवळपास दोन अंशांत आणि देवयानी दीर्घिका सुमारे तीन अंशांत पसरलेली आहे. त्यासाठी १०×५०ची (दहापट वर्धन, ५० मिलिमीटरची भिंगे) द्विनेत्री घ्यावी. माझ्या हिशेबाने दोन पुरेत.

शाळेचे आवार:
मॅक्सुटोव्हबाबत मी सहमत नाही, कारण वरील उत्तरात मोटारसायकलचा विचारच झालेला नाही. ८ इंची डॉबसोनियनची नळी सुमारे चार फूट लांब असते आणि बैठकीसह वजन वीस किलोच्या पुढे जाते. ती दुचाकीवर नेता येणार नाही, आणि गावातील उजेडात ठेवली तर फिकट दीर्घिका तिच्यातही हरवतील. पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये देशातील पहिल्या डार्क स्काय पार्कचा (अंधाऱ्या आकाशाच्या उद्यानाचा) दर्जा मिळाला, तो तिथल्या अंधारामुळे. १२७ मिलिमीटरची मॅक्सुटोव्ह पाठीवरच्या पिशवीत मावते आणि तरीही ७० मिलिमीटरच्या तिपटीहून अधिक प्रकाश घेते.

स्लॅबचेही एक सांगतो. एप्रिल-मेमध्ये तो दिवसभराची उष्णता रात्री उशिरापर्यंत सोडत राहतो, त्यामुळे मोठ्या दुर्बिणीतही गुरूची प्रतिमा पाण्यात पाहावी तशी हलते. अंगणातल्या मातीवर दुर्बीण मांडावी आणि ती तासभर आधीच बाहेर आणून ठेवावी, म्हणजे आरसा निवतो.

७० मिलिमीटरची मात्र विकू नका. लहान मुलांच्या हाती देण्यास तीच बरी, आणि सौरडाग पाहण्यासाठी भिंगाच्या पुढच्या बाजूला लावायचा प्रमाणित सौर फिल्टर तिला स्वस्तात मिळतो.

मृगशीर्ष:
छायाचित्रणाची दुर्बीण तूर्त यादीतून काढावी. दीर्घिकांच्या छायाचित्रासाठी आकाशाच्या गतीबरोबर फिरणारी विषुववृत्तीय बैठक आधी लागते, आणि तीच बहुधा दुर्बिणीपेक्षा महाग पडते. चंद्राचे छायाचित्र नेत्रिकेला मोबाइल लावूनही येते.

शततारका:
सर्वांचे आभार. आमची बैलबंडी रोज वावरात जाते. त्यातून डॉबसोनियन नेली तर चालेल काय?

धुऱ्यावरचा:
चालेल. नळी गादीवर आडवी ठेवून बांधावी, आणि धक्क्यांनी आरसे हलतात म्हणून तिथे पोहोचल्यावर आधी कॉलिमेशन (आरशांची एका रेषेतील जुळणी) तपासावे. वावरातल्या कोठ्यात मात्र ती कायमची ठेवू नये: सोयाबीनच्या कुटाराची धूळ आरशावर बसते आणि पावसाळ्यात नेत्रिकांना बुरशी धरते. नेत्रिका सिलिका जेल घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात घरीच ठेवाव्यात. बंडीची सोय खरोखर रात्रीची होत असेल तर डॉबसोनियन आणि द्विनेत्री घ्यावी. होत नसेल तर शाळेच्या आवाराचे म्हणणे मला मान्य आहे.