मदत हवी आहे: बाबांना उमेओची बर्फातली रॅली दाखवायचीय, जंगलात नेऊ की शहरातच?

नमस्कार मंडळी,

आम्ही गोथेनबर्गला राहतो. येत्या फेब्रुवारीत बाबा इथे असतील, तेव्हा त्यांना रॅली स्वीडन, म्हणजे बर्फाळ रस्त्यांवरची मोटारींची शर्यत, दाखवायचा बेत आहे. बाबा एसटीत चालक होते. आंबेनळी घाट धो-धो पावसात आणि धुक्यात उतरवण्यात अर्धी नोकरी गेली. बर्फावर ताशी शंभरच्या वर सरासरी वेग म्हटल्यावर त्यांचा पहिला प्रश्न, "साखळ्या लावतात का चाकांना?"

साखळ्या नाहीत, खिळे. एका टायरला ३८४, टोकाला टंगस्टन, प्रत्येक साधारण २० मिमी लांब आणि त्यातले साडेसहा-सात मिमी बाहेर. आपल्या इथल्या रोजच्या गाडीच्या खिळ्याच्या टायरांत जेमतेम मिलिमीटरभर बाहेर असतात. शिवाय टायर अरुंद, म्हणजे गाडीचं वजन थोड्या जागेवर येतं आणि खिळे वरचा भुसभुशीत बर्फ कापून खालच्या घट्ट थरात रुततात. हे त्यांना लगेच पटलं. पटलं नाही ते दुसरंच: वळणावर गाडी मुद्दाम कडेच्या बर्फाच्या भिंतीला टेकवून फिरवतात. "आणि भिंत मऊ निघाली तर?" तर गाडी आत जाते, रेडिएटरमध्ये बर्फ भरतो, आणि चालक आणि शेजारी बसलेला सहचालक, दोघं फावडं घेऊन उतरतात. बाबा खूश!

आता अडचण. ही रॅली पूर्वी वर्मलँडमध्ये, कार्लस्टाड-तोर्स्बीच्या बाजूला व्हायची. आम्हाला किती सोयीचं होतं! पण तिथे बर्फाचा भरवसा राहिला नाही. १९९० साली रॅलीच रद्द झाली होती, २०२० मध्ये बर्फाअभावी बऱ्याच स्टेज (बंद केलेल्या रस्त्याचे तुकडे, ज्यावर गाड्या एकेक करून वेळ लावून धावतात) गाळाव्या लागल्या. २०२२ पासून सगळं उत्तरेला उमेओला गेलं. आमच्यापासून हजारेक किलोमीटर.

माझे प्रश्न:

१) बाबांचं वय सत्तरीकडे झुकलेलं, गुडघे कुरकुरतात. जंगलातल्या स्टेजला पार्किंगपासून बर्फातून किती चालावं लागतं? की शहरातल्या रेड बार्न अरीना या रॅलीच्या मैदानाजवळच थांबावं? मला स्वतःला जंगलच हवंय. अरीनात बघायचं तर घरी टीव्ही काय वाईट?

२) गाडीने जावं की रेल्वेने?

३) बाबा माळकरी आहेत. शेकोटीवर सॉसेज भाजणाऱ्या गर्दीत त्यांनी काय खायचं?

४) थंडी. उणे वीसमध्ये तीन-चार तास एका जागी उभं राहायचं, ते कसं?

बर्फाळ_बाळू:
उमेओत राहतो, दर वर्षी जातो. दोन्ही करा, पण क्रमाने. पहिल्या संध्याकाळी शहराजवळची स्टेज बघा. अंधारात बोनेटवर जादा दिव्यांची रांग लावलेल्या गाड्या येतात, ते टीव्हीवर कळत नाही. बाबांना थंडी कितपत झेपते तेही कळेल. मग दिवसा एकच जंगलातली स्टेज. दोन गाठायच्या भानगडीत पडू नका. पहिली गाडी यायच्या बऱ्याच आधी रस्ता बंद होतो, मग मध्येच उठून निघता येत नाही. चालण्याचं अंतर जागेनुसार बदलतं, प्रेक्षकांच्या नकाशावर पार्किंग आणि उभं राहायची जागा दोन्ही दिलेल्या असतात, ते बघून सर्वांत जवळची निवडा. काठी न्या, आणि बुटांना बाहेरून चढवायचे खिळ्यांचे पट्टे घ्या, इथे कुठल्याही दुकानात मिळतात.

एकच गोष्ट कडकपणे सांगतो: वळणाच्या बाहेरच्या अंगाला उभं राहू नका. बर्फाच्या भिंतीमागे आपण सुरक्षित आहोत असं वाटतं, पण गाडी ती भिंत फोडून येते. मार्शल (सुरक्षा सांभाळणारा माणूस) मागे सरका म्हणाला की सरकायचं. लोकांनी ऐकलं नाही तर स्टेजच रद्द होते.

उत्तरायण:
रेल्वेने जा, स्टॉकहोममार्गे. ई-४ रस्ता चांगला आहे, पण तुम्ही दक्षिणेतले. संध्याकाळी एल्क किंवा रेनडिअर आडवे आले की एसटीचा अनुभवही कामाला येत नाही.

बुटांबद्दल: एक नंबर मोठे घ्या. दोन मोजे कोंबून बूट घट्ट झाला की बोटं आधी गारठतात. अंगालगत लोकर, सुती बनियन अजिबात नको. पायाखाली जुन्या योगा मॅटचा तुकडा टाका, उभ्या माणसाला थंडी खालून चढते. दशम्या आणि चटणी आतल्या खिशात ठेवा, सॅकमधला शेंगदाण्याचा लाडू दगड होतो आणि सत्तरीतले दात महाग पडतात.

धागाकर्ता:
दोघांचे आभार, रेल्वे पक्की. बाबांनी नवीन प्रश्न दिलाय: स्टेजवर सगळ्यात आधी सुटणाऱ्याला फायदा की तोटा?

बर्फाळ_बाळू:
रात्री ताजा बर्फ पडला तर तोटा. पहिला झाडूवाला होतो, मागच्यांना साफ वाट मिळते. बर्फ पडला नसेल तर पहिल्याला गुळगुळीत घट्ट रस्ता, आणि मागच्यांना उखडलेला बर्फ आणि खालची खडी. खडीवर खिळे उपटून निघतात, त्यामुळे त्याच स्टेजच्या दुसऱ्या फेरीत तर आणखी हाल. बाबांना सांगा, आदल्या रात्रीचा हवामान अंदाज बघूनच पैज लावा.