एकपात्री: ज्यू डॉक्टरीण न्यूयॉर्कला गेल्यावर परवान्याचं काय?

मलप्रभाकाठ (खानापूर)
हायस्कूलच्या मुलीकडून एकपात्री बसवतोय. बर्लिनची ज्यू डॉक्टर, 1933 ला इस्पितळातून काढतात, पदवी काढून घेतात, 1939 ला न्यूयॉर्कला पोचते, महिन्याभरात दवाखाना उघडते. शेवट पटेल का?

निपाणीकर
नाही पटणार. महाराष्ट्रात नोंदणी असलेल्याला निपाणीत पाटी लावायची तर कर्नाटक मेडिकल कौन्सिल गाठावं लागतं. न्यूयॉर्कला तर पुन्हा परीक्षाच. 1936 मध्ये तिथे ती परदेशी डॉक्टरांना सक्तीची केली. आधी पोचलेल्या अनेकांचं कागदपत्रांवर भागलं होतं. बऱ्याच राज्यांत वर नागरिकत्वाची अट, म्हणजे साधारण 5 वर्षं थांबा.

पात्राला डॉक्टर नवरा आहे का? असेल तर बहुधा तो आधी परीक्षेला बसणार आणि ही मिळेल ते काम करून घर चालवणार. खरं उदाहरण: ज्यू डॉक्टर हेर्टा नाथॉर्फ बर्लिनमध्ये इस्पितळाच्या प्रमुख होत्या; न्यूयॉर्कमध्ये नवऱ्याच्या दवाखान्यात मदतनीस. पुढे मानसोपचाराकडे वळल्या, पण डॉक्टरकीचा परवाना काही मिळाला नाही.

शहापूरपेठ
1933 चा प्रवेशही नीट करा. त्या एप्रिलमध्ये नाझींनी ज्यूंना सरकारी नोकरीतून काढायचा कायदा केला. त्यात पहिल्या महायुद्धात आघाडीवर लढलेल्यांना आणि ऑगस्ट 1914 पासून नोकरीत असलेल्यांना सूट होती. बायका आघाडीवर कुठून असणार? म्हणून काही पुरुष सहकारी टिकले, या लगेच गेल्या. त्याच महिन्यात आरोग्यविम्याचे पेशंटही तोडले. खुद्द परवाना रद्द झाला 30 सप्टेंबर 1938 ला. तेव्हा 'पदवी काढून घेतली' हे वाक्य खोडा. पदवी हातात होती, परवाना नव्हता.

सामान: पासपोर्टवर लाल 'जे' (ज्यू असल्याची खूण), ज्यू बायकांच्या नावाला 1939 पासून सक्तीने जोडलेलं 'सारा'. पदवीवर मात्र जुनंच नाव. रोख 10 मार्क. दागिन्यांचा डबा नको. सोनं-चांदी सरकारात जमा करावी लागली, लग्नाची अंगठी आणि मोजक्या वस्तू तेवढ्या सुटल्या.

मलप्रभाकाठ
मग इंग्लंडला पाठवू?

शहापूरपेठ
तिथेही सोपं नाही. प्रशियात (बर्लिन ज्यात होतं त्या जर्मन राज्यात) प्राध्यापकपद मिळालेली पहिली स्त्री डॉक्टर राहेल हिर्श (1913) लंडनमध्ये प्रयोगशाळेत मदतनीस आणि भाषांतरकार झाल्या. अनेकजणी घरकामाच्या परवान्यावरच देशात शिरल्या. 1941 मध्ये तात्पुरती नोंदणी निघाली, कायमची वाट 1947 च्या कायद्याने. इंग्लंड घेतलंत तर नाटक 1941 च्या पुढे न्या आणि दवाखान्याऐवजी इस्पितळातली ड्यूटी दाखवा.

निपाणीकर
आणि मुलींनी 'ज्यू म्हणजे कोण' विचारलं तर शिमोग्यात जन्मलेल्या डॉ. जेरुशा झिराड यांच्यापासून सुरू करा. बेने इस्रायल, म्हणजे आपल्याकडच्या ज्यू समाजातल्या, घरची भाषा मराठी.