शेल्टरमधली भांडणं : आतून पाहिलेल्यांनी लिहा

११ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली आणि आसपासची भटकी कुत्री उचलून शेल्टरमध्ये ठेवायला सांगितलं. २२ ऑगस्टला तो आदेश बदलला: नसबंदी, लसीकरण करा आणि जिथून उचललं तिथेच सोडा, फक्त रेबीजची किंवा अंगावर येणारी वगळा. ७ नोव्हेंबरला पुन्हा नवं: शाळा, हॉस्पिटलं, बस डेपो, रेल्वे स्टेशनं इथली कुत्री उचला आणि परत तिथे सोडू नका. तेव्हापासून सोसायटीच्या मीटिंगपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत 'शेल्टरमध्ये टाका की' हे एकच उत्तर ऐकतेय. म्हणणाऱ्यांपैकी किती जण शेल्टरच्या गेटच्या आत गेलेत, कोण जाणे.

मी गेलेय. कुत्रं चावलं म्हणून काम सोडलेला स्वयंसेवक मला अजून भेटलेला नाही. सोडतात ते किल्ली कुणाकडे, पैसे कुणाच्या खात्यात आणि 'आता जागा नाही' हे म्हणायचं कुणी, यावरून. म्हणून हा धागा. संस्थेचं नाव, आडनावं, पत्ता नको. पण भांडण नेमकं कशावरून झालं ते लिहा. 'तिथे फार राजकारण आहे' एवढ्यावर सोडू नका. संस्था चालवणाऱ्यांनीही या, इथे कुणी खाणार नाही.

मनीमाऊ, पुणे

माझं भांडण काळ्या फिनेलवरून झालं. हसू नका.

आमच्याकडे मांजरांची खोली वेगळी होती. जाळीचं दार, लाकडी फळ्या, खाली शहाबादी फरशी. सकाळी कुत्र्यांचे केनेल, म्हणजे पिंजरे, ज्या बादलीने धुतले जायचे, त्याच बादलीने ही खोली पुसली जायची. पाण्यात टाकलं की दुधासारखं पांढरं होतं, ते फिनेल. मांजरं त्या फरशीवरून चालणार, मग बसून पंजे चाटणार. त्यांच्या यकृताला ते पचत नाही. दोन मांजरींच्या तोंडातून लाळ गळायला लागली, जिभेवर फोड आले. डॉक्टरांनी बादली पाहिली आणि कपाळावर हात मारला.

मॅनेजर म्हणाले, "ताईंना विचारा." ताई, म्हणजे संस्थापक, म्हणाल्या, "अगं, ते सगळं मॅनेजर बघतात." मग मी माझ्या पैशाने ब्लीचचे कॅन आणून ठेवले, ते कुत्र्यांकडे वापरून संपले. शेवटी ग्रुपवर फोटो टाकला. मांजरीचा नाही, बादलीचा. चहा पिऊन होईपर्यंत ग्रुप 'फक्त अ‍ॅडमिन' झाला आणि संध्याकाळी मी बाहेर. कारण काय, तर संस्थेची बदनामी. ताईंचा स्वतंत्र मेसेज आला: "माझ्यावर विश्वास नाही का तुझा?" बादलीचा आणि विश्वासाचा काय संबंध, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

डोंबिवली फास्ट

ग्रुप 'फक्त अ‍ॅडमिन' झाला की समजायचं, आत काहीतरी मेलंय. आमच्याकडे पार्व्हो (कुत्र्यांचा जीवघेणा साथीचा आजार) आला तेव्हा अस्संच झालं होतं.

गेटवाली, नाशिकजवळ

संस्था चालवणाऱ्यांनी लिहा म्हणालात म्हणून लिहिते. मनीमाऊ, तुमच्या बादलीबद्दल मला बोलायचं नाही, चूक ती चूकच. पण बाकीचं ऐका.

माझं शेल्टर म्हणजे भाड्याच्या दोन एकरांवर पत्र्याच्या शेड. करार अकरा महिन्यांचा. शेजारच्या मळ्यातले काका दर पावसाळ्यात ग्रामपंचायतीत अर्ज देतात की कुत्र्यांच्या भुंकण्याने म्हैस पान्हा चोरते. रात्री कुणीतरी गेटवर पोतं ठेवून जातं. पोत्यात पिल्लं. सकाळी स्वयंसेवक मला सांगतात, "ताई, आता नवीन घ्यायची नाहीत, जागा नाही." बरोबर आहे. मग ते पोतं मी कुठे ठेवू? आणि हेच स्वयंसेवक संध्याकाळी फोन करतात, "ताई, फक्त ही एकच केस घ्या ना, फार वाईट अवस्था आहे." प्रत्येकाची एकच केस. अशा एकेक करत ऐंशी झाल्या.

पैशांचं सांगते, कारण आमच्याकडचं मोठं भांडण त्यावरूनच झालं. एका कुत्र्याचा पाय ट्रकखाली गेला होता. एका मुलीने त्याचा व्हिडिओ केला, चांगला केला, क्यूआर कोड टाकला, आणि धो धो पैसे आले. ऑपरेशन झालं, पाय काढावा लागला, कुत्रा आज तीन पायांवर पळतो. मग ती विचारायला लागली, उरलेले पैसे कुठे गेले? पोटात गेले, बाई. म्हाताऱ्या, खरजुल्या, आंधळ्या कुत्र्यांचा व्हिडिओ कुणी बघत नाही. त्यांची कणी, कोंबडीच्या माना, पोरांचे पगार, लाइटबिल हे कुठून येतं असं वाटतं तिला? तिने इन्स्टाग्रामवर 'स्कॅम' लिहिलं. पुढचे तीन महिने माझी देणगी निम्म्यावर आली. त्या तीन महिन्यांत ती मात्र एकदाही आली नाही, भात कसा शिजतोय बघायला.

लेखापाल (निवृत्त), ठाणे

गेटवालीताई, राग मानू नका, पण त्या मुलीचा प्रश्न चुकीचा नव्हता आणि तुमचं उत्तरही खोटं नव्हतं. गडबड आवाहनात झाली. 'या कुत्र्याच्या उपचारासाठी' म्हणून मागितलेला पैसा त्याच कारणासाठी बांधला जातो. व्हिडिओखाली 'उरलेली रक्कम इतर प्राण्यांच्या खर्चासाठी वापरली जाईल' एवढी ओळ टाकली असती तर अर्धं भांडण जन्मालाच आलं नसतं. देणगी शक्यतो खात्यात आणि पावतीसह घ्या, संस्थापकाच्या खासगी नंबरावर तर मुळीच नको. मी तपासलेल्या प्राण्यांच्या संस्थांत चोरी क्वचित दिसली. घरचा आणि संस्थेचा खिसा एकच झालेला मात्र बऱ्याचदा दिसला. बाई स्वतःचे दागिने मोडून औषधं आणते आणि मग संस्थेच्या खात्यातून घरचा सिलिंडर घेते. तिच्या डोक्यात तो हिशोब चोख असतो. कागदावर नसतो.

आता स्वयंसेवकांसाठी, कारण त्यांना कुणी हे सांगत नाही. महाराष्ट्रात अशा बहुतेक संस्था महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेल्या असतात. बऱ्याच जणी जोडीला १८६०च्या सोसायटी कायद्याखालीही असतात. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. दरवर्षी ३१ मार्चला हिशोब बंद करून लेखापरीक्षण करून घ्यावं लागतं. तिथल्या नोंदवहीचा उतारा, म्हणजे परिशिष्ट १, त्याची नक्कल अर्ज करून मिळते, त्यात विश्वस्त कोण ते दिसतं. ती आधी काढा. 'ताईंची संस्था' असं तुम्ही म्हणता आणि कागदावर ताईंचे यजमान, दीर आणि वारलेले एक गृहस्थ निघतात.

तक्रार करता येते, याच अधिनियमाच्या कलम ४१अ खाली धर्मादाय आयुक्तांनी विश्वस्तांना निर्देश द्यावेत असं मागता येतं, ४१ड खाली विश्वस्त दूर करण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते. पण तक्रार करणारा 'हितसंबंध असलेली व्यक्ती' लागतो. सोसायटी असेल तर तिचा सभासद. नुसता न्यास असेल तर विश्वस्त किंवा लाभार्थी. इथे लाभार्थी कुत्रा, तो सही करत नाही. आणि दहा वर्षं शेण काढलेला स्वयंसेवक कायद्याच्या दृष्टीने रस्त्यावरचा माणूस. म्हणून काम सुरू करतानाच, सगळं गोड असताना, सभासदत्वाची वर्गणी भरून पावती घ्या. भांडण झाल्यावर कुणी सभासद करून घेत नाही.

धागाकर्ती

हे माहीतच नव्हतं. आमच्यातल्या एकालाही नाही. लोक थेट पोलिसात जातात आणि तिथे "हे तुमचं अंतर्गत आहे" म्हणून परत पाठवतात.

एक पशुवैद्य

नाव, गाव काहीच लिहीत नाही, या क्षेत्रात सगळे सगळ्यांना ओळखतात.

डिस्टेंपर, म्हणजे मेंदूपर्यंत जाणारा विषाणूचा आजार, झालेला कुत्रा. झटके येताहेत, जबडा च्युइंगगम चघळल्यासारखा हलतोय, चारही पाय झोपेतही उडताहेत. उभा राहू शकत नाही, अंगाखाली जखमा झाल्या. मी दयामरण सुचवलं. नियमात बसतं: बरा न होणारा आजार किंवा जीवघेणी इजा असेल तर पात्र डॉक्टरने सोडियम पेंटोबार्बिटल देऊन, दुसऱ्या कुत्र्यादेखत नाही. ही तरतूद २००१च्या नियमांतही होती, औषध तेवढं वेगळं, आणि २०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतही आहे. संस्थापक म्हणाले, "आपण इथे मारत नाही." हे वाक्य त्यांच्या बॅनरवरही होतं. स्वयंसेवकांत दोन तट पडले. एक गट रात्रभर सिरिंजने पेज भरवत बसायचा, "लढतोय तो" म्हणायचा. दुसरा गट मला बाजूला घेऊन, "डॉक्टर, गुपचूप करा ना काहीतरी." गुपचूप मी काही करत नाही. कुत्रा अकरा दिवसांनी गेला. दोन्ही गटांनी मलाच जबाबदार धरलं, एकांनी औषध कमी पडलं म्हणून, दुसऱ्यांनी धीर कमी पडला म्हणून.

दुसरं, नसबंदीचं. पालिकेचा ठेका कुत्र्यामागे ठरलेल्या दराने असतो. जितकी कुत्री, तितकं बिल. मग ऑपरेशननंतरचा वॉर्ड लवकर मोकळा करण्याचा दबाव येतो, टाके ओले असताना गाडीत भरतात, आणि गाडीवाला सोयीच्या चौकात सोडून देतो. उचललं तिथेच सोडायचं हा नियम कागदावर. खाऊ घालणाऱ्या बायका मग शेल्टरवर येऊन माझ्याच नावाने शिमगा करतात. त्यांचं खरं असतं. शिमगा चुकीच्या दारात असतो, इतकंच.

सोलापुरी भाचा

माझा मामा एका शेल्टरात केनेलवर आहे. मराठी लिहायला येतं त्याला पण वेळ नाही, म्हणून मी लिहितो. त्याचं म्हणणं, स्वयंसेवकांची भांडणं म्हणजे हौसेची भांडणं. त्याला पगार दर महिन्याच्या वीस-बावीस तारखेला. कोविडमध्ये सगळे घरी होते तेव्हा तो आणि अजून एक जण तिथंच शेडमध्ये झोपायचे. कुत्रा चावला तर सिव्हिलला जा म्हणतात. स्वयंसेवकांसाठी आधीच घ्यायची रेबीजची लस, ० आणि ७ आणि मग २१ किंवा २८ व्या दिवशी, हिचा कॅम्प लावला होता. मामानं विचारलं, आम्हाला? तर म्हणाले, ती देणगीतून स्वयंसेवकांसाठीच आलीय. रोज चावणारं तोंड कोण धरतं तिथं?

आणि वाढदिवस. लोक वाढदिवसाला येतात, कुत्र्यांना केक कापतात. नंतर रात्री सगळ्यांना जुलाब, धुणार मामा.

परळकर

थोडं विषयांतर. शेल्टर आणि भांडण हे नातं आपल्या मुंबईत जुनंच आहे. १८३२ मध्ये सरकार भटकी कुत्री मारत होतं तेव्हा पारशी मंडळींनी दंगल केली होती. त्यानंतर दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, भुलेश्वरची पांजरपोळ उभी राहिली, जमशेटजी जीजीभॉय आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने. म्हणजे न्यायालयाचा आदेश आणि त्यावरचा गदारोळ बघून मी तरी दचकलो नाही.

म्हापशेकर

गोंयची गजाल वेगळी. इथे थंडीत परदेशी स्वयंसेवक येतात, खूप राबतात, खरंच राबतात, आणि एप्रिल लागला की जातात. जाताना नियमावली लिहून भिंतीवर लावून जातात. पावसात शेडमध्ये गुडघाभर पाणी, कामाला इथलेच चार जण, आणि ती नियमावली ओली होऊन लोंबत असते. मग नोव्हेंबरात परत येऊन विचारतात, हे पाळलं का नाही? रेबीजच्या कामात गोव्याने नाव काढलं, २०२१ मध्ये राज्य रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालं, त्यात बाहेरच्यांचा मोठा वाटा आहे हे मान्य. पण शेल्टरच्या मीटिंगमध्ये कोंकणी बोलणाऱ्या बाईला दुभाषी लागावा, हे मला पटत नाही.

सॅन होजेची सून

इथे कॅलिफोर्नियात काउंटीचं सरकारी शेल्टर. इथे संस्थापक-बिस्थापक नाहीत, पण भांडण तेच. प्रत्येक कुत्र्याला नंबर, पिंजऱ्यावर कार्ड. १९९८च्या हेडन कायद्याने बेवारस जनावर ठरावीक दिवस ठेवावंच लागतं, पुढे जागा संपली की मारायच्या जनावरांची यादी निघते. आम्हाला सही करायला लावतात की यादीबद्दल बाहेर लिहायचं नाही. एकीने लिहिलं. फोटो, नंबर, शेवटची तारीख. कुत्रा दत्तक गेला, तिचा पास बंद झाला. मग आम्ही काउंटीच्या जाहीर सभेत गेलो. नागरिकांना तिथे दोन-तीन मिनिटं बोलता येतं. माहिती मागायचा कायदा वापरून कुत्री दिवसातून किती वेळा बाहेर काढतात त्याच्या नोंदी मागवल्या. बरेच रकाने कोरे. त्या कोऱ्या रकान्यांनी जे झालं ते आमच्या रडण्याने झालं नव्हतं: दोन जास्त माणसं नेमली. यादी अजून निघते.

मनीमाऊ, पुणे

रकाने! हेच. गेटवालीताई, तुमच्याकडे मृत्यूची नोंदवही आहे का? स्वयंसेवकांना बघता येते?

गेटवाली, नाशिकजवळ

आहे. बघता येत नाही. एकदा ठेवली होती उघडी, ऑफिसच्या टेबलावर. एकाने पानाचा फोटो काढला, जुलैचा, पिल्लांना पार्व्हो आला होता तेव्हाचा. फिनेलला तो विषाणू दाद देत नाही, ब्लीच लागतं, जमिनीत महिनोन्‌महिने राहतो, हे सगळं त्या फोटोखाली कुणी लिहिलं नाही. लिहिलं काय, तर 'कत्तलखाना'.

लेखापाल (निवृत्त), ठाणे

म्हणूनच नुसती वही उघडी ठेवू नका. दर महिन्याला स्वतःच आकडे टाका: आली किती, दत्तक गेली किती, मेली किती, कशाने, पैसे आले किती, गेले कुठे. लपवलेल्या पानाचा फोटो निघतो. भिंतीवर लावलेल्याचा कशाला कोण काढेल? आणि त्याच पाटीवर 'क्षमता अमुक, सध्या अमुक' हेही. म्हणजे 'नाही' तुम्हाला म्हणावं लागणार नाही.

गेटवाली, नाशिकजवळ

पोतं ठेवून जाणारा रात्री दोनला पाटी वाचतो वाटतं.

लेखापाल (निवृत्त), ठाणे

तो नाही वाचणार. पण 'फक्त ही एकच केस' म्हणून फोन करणारे तुमचेच स्वयंसेवक वाचतील.

गेटवाली, नाशिकजवळ

बघते. पाटी लिहायला कुणाला तरी पाठवा मग, अक्षर चांगलं असलेलं. रविवारी नको, रविवारी सगळेच येतात. मंगळवारी सकाळी सातला या, भाताचं पातेलं उतरवायलाही माणूस नसतो तेव्हा.

मनीमाऊ, पुणे

पुण्याहून सातला कशी पोचू, ताई? दहापर्यंत येते. ब्लीच घेऊन.