मदत हवी आहे: तिसऱ्या डेकवर हलगी टाकली की मिक्सचा चिखल होतो

विश्रामबाग_मिक्स: सांगलीत लॉनवर हळदीचा दीड तासाचा डीजे सेट आहे. चार चॅनलचा कंट्रोलर, डेक (ट्रॅक वाजवायचे स्वतंत्र भाग) १-२ वर १२४ ते १३० बीपीएमची (मिनिटाला ठोके) गाणी. डेक ३ वर हलगी-घुमक्याचं रेकॉर्डिंग, डेक ४ वर नुसता गायनाचा ट्रॅक. सिंक (डेकची लय आपोआप जुळवणारी सोय) चालू असूनही आठ-दहा बारनंतर (बार म्हणजे चार ठोके) हलगी लयीतून सरकते. सगळे डेक वाजले की बेस बसतो आणि मास्टरचा (एकूण आवाजाचा) दिवा लाल होतो. शिवाय लेअर (कंट्रोलरची एक बाजू कुठला डेक चालवते ते) १ वरून ३ वर नेऊन टेम्पोच्या फेडरला हात लावला की टेम्पो उडी मारतो. कुठं चुकतंय?

हलगी१२८: सिंक फक्त ग्रिडला (सॉफ्टवेअरनं ट्रॅकवर आखलेल्या ठोक्यांच्या खुणांना) ग्रिड जुळवतं. हातानं वाजवलेली हलगी ग्रिडवर बसलेलीच नसते, वाजवणारा रंगात आला की लय चढते. म्हणून अख्खं रेकॉर्डिंग सोडू नका. त्यातला एकच घट्ट बार निवडा, समेच्या पहिल्या ठोक्यावर ग्रिडचा आरंभ ठेवा, चार बीटचा लूप करून क्यूवर (ठरलेल्या जागेवर नेणाऱ्या बटणावर) सेव्ह करा. १२८ ला चार बीट म्हणजे १.८७५ सेकंद. लूप फिरताना सांध्यावर 'टक्' आलं तर बीपीएम चुकीचा मोजला गेला असू शकतो, तो दशांशापर्यंत दुरुस्त करा.

कृष्णाकाठ_साउंड: बेस बसतो तो घुमक्यामुळं. त्याचा घुमारा आणि गाण्याचा किक (ड्रमचा जाड ठोका) एकाच जागेसाठी भांडतात. डेक ३ चा लो (खालचे जाड आवाज) पूर्ण कापा, फिल्टर असेल तर १५०-२०० हर्ट्झच्या खालचं काढा. काड्यांचा कडकडाट राहतो आणि तोच हवा असतो. डेक ४ चाही लो बंद. सारख्या पातळीचे दोन वेगळे आवाज एकत्र आले की पातळी साधारण ३ डेसिबल वाढते, म्हणून हलगी गाण्यापेक्षा ४-६ डेसिबल खाली ठेवा. मास्टर उतरवून भागत नाही, चॅनलचा ट्रिमच (आत येणाऱ्या आवाजाची पातळी) कमी करा. ३ आणि ४ क्रॉसफेडरमधून (एका गाण्यावरून दुसऱ्यावर नेणारी आडवी पट्टी) सोडवून 'थ्रू'वर ठेवा, नाहीतर गाणं बदलताना हलगीही जाईल.

टेम्पोच्या उडीचं: डाव्या बाजूचा टेम्पो फेडर डेक १ आणि ३ ला मिळून एकच आहे. सॉफ्टवेअरमध्ये सॉफ्ट टेकओव्हर चालू करा. मग फेडर जुन्या जागेवरून गेल्याशिवाय पकड घेणार नाही.

विश्रामबाग_मिक्स: लूप बसला, आभारी आहे. पण दुसरं रेकॉर्डिंग १८० दाखवतंय आणि १२० च्या गाण्यावर लंगडतं.

हलगी१२८: तो ठेका तिनाच्या चालीचा असणार. सॉफ्टवेअर त्यातले बारीक ठोके दोन-दोन धरून मोजतं, म्हणून दीडपट येतो. पाय जिथं पडतो तिथं टॅप करून १२० करा. तरी चारच्या चालीच्या किकवर तिनाचा ठेका फार वेळ पेलत नाही; आठ बार, म्हणजे १२० ला १६ सेकंद, गाण्याचा किक काढून मोकळी हलगी द्या आणि पुढच्या पहिल्या बीटवर किक परत आणा.

कृष्णाकाठ_साउंड: आणि डेक ४ वर गायन तेव्हाच, जेव्हा खालच्या गाण्यात कुणी गात नसेल. 'की लॉक' (टेम्पो बदलला तरी सूर धरून ठेवणारी सोय) चालू ठेवा. नाहीतर साधारण ६ टक्के टेम्पो हलला की स्वर अर्ध्या सुरानं सरकतो. लॉनवर चाचणी घेताना सबजवळ (बेसच्या स्पीकरजवळ) उभं राहू नका, मांडवाच्या मधोमध येऊन ऐका.